बेचाळीस रुमाल

माझ्या धाकट्या दिरांनी मला चारचौघांत अडाणी ठरवलं तो रविवार होता आणि जेवणात बोंबलाचं कालवण होतं. कालवण मीच केलं होतं. त्यांनी तीनदा वाढून घेतलं, हात धुतले आणि मग पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा काढला.

भाऊजी तारापूरच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मॅनेजर आहेत. राहतात बोईसरला. महिन्यातून एकदा पालघरजवळ माहीमला आमच्याकडे येतात, कारण घर त्यांचंही आहे. नोकरीखेरीज त्यांचा आणखी एक उद्योग आहे. गेली पंचवीस-तीस वर्षं ते एक चित्रपट मंडळ चालवतात. चालवतात म्हणजे त्याचे अध्यक्ष आहेत. खुर्च्या लावणारे, पत्रकं वाटणारे, चहा सांगणारे दुसरे असतात.

बोईसरच्या जुन्या टॉकीजच्या मालकाने त्या वर्षी नव्या खुर्च्या बसवल्या होत्या, पडदा बदलला होता, तरी मॉलमधल्या थिएटरापुढे त्याची डाळ शिजत नव्हती. दुपारचा चारचा खेळ रिकामाच जायचा. तो खेळ त्याने महिनाभर मंडळाला देऊन टाकला. एक दिवस जुना, जगभर नावाजलेला सिनेमा, एक दिवस आजकालचा. सोमवारी सुट्टी. भाऊजींनी पत्रकं वाटायला सुरुवात केली. एक आमच्या ह्यांना दिलं, जे पडद्यासमोर पाच मिनिटांत घोरतात. एक शेजारच्या काकांना दिलं, ज्यांना मोतीबिंदू आहे. एक पुतण्याला दिलं, त्याने ते लगेच माशी मारायला वापरलं. मी हात पुढे केला.

"वहिनी, हे तुमच्यासाठी नाही," भाऊजी म्हणाले. "ह्यात गाणी नसतात."

सगळे हसले. आमचे हेही हसले. मी ताटं उचलली.

तीस वर्षं मी पालघरला शिवणाचा क्लास चालवला. माझ्या हाताखालून किती मुली शिकून गेल्या ते मी मोजलं नाही, पण आज पालघरच्या निम्म्या बायकांच्या अंगावरचे ब्लाउज माझ्या मुलींनी शिवलेले असतात. गुडघे दुखायला लागले म्हणून क्लास बंद केला. अडाणी म्हणवून घ्यायची मला सवय नव्हती. मंगळवारी मी पालघरला गेले आणि ज्या स्टेशनरीच्या दुकानात पास मिळत होते तिथून महिन्याचा पास घेतला.

"तू रोज जाणार?" ह्यांनी विचारलं.

"रोज."

"जा की मग. घरी तरी काय हाय?" असं म्हणून ते पानवेलीला पाणी सोडायला गेले.

तर मी रोज गेले. माहीमहून पालघरपर्यंत रिक्षा, तिथून बोईसरची एस.टी. परत येईपर्यंत आठ वाजायचे. सिनेमाच्या ओढीने गेले असं मी म्हणणार नाही. मी निव्वळ रागाने गेले. राग माणसाला रोज वेळेवर घराबाहेर काढतो, हे मला त्या महिन्यात कळलं.

पहिल्या दिवशी टॉकीज अर्धंअधिक भरलं होतं. सगळे नवे कुर्ते घालून आले होते. कुर्त्यांवर दुकानातल्या घड्या तशाच दिसत होत्या. एकाच्या कॉलरमध्ये तर टाचणी राहिली होती आणि तो मान वाकडी करून जागतिक सिनेमाबद्दल बोलत होता. बायकांनी हातमागाच्या साड्या नेसल्या होत्या, पण बहुतेकींनी खाली फॉल लावायचे कष्ट घेतले नव्हते. खांद्याला कापडी पिशव्या. उद्घाटन तासभर चाललं. दीप लागला, विझला, पुन्हा लागला. मग पालघरचे एक निवृत्त प्राध्यापक बोलायला उभे राहिले. हे गृहस्थ महिनाभर रोज सिनेमानंतर बोलणार होते. ते डोळे मिटून बोलत. एक वाक्य बोलायचं, थांबायचं, लोकांना वाटायचं आता काहीतरी येतंय, आणि मग "अवकाश" एवढंच यायचं. सिनेमा कुठलाही असो, त्यात त्यांना अवकाश सापडायचा.

पहिला सिनेमा मला कळला नाही. हे मी लपवत नाही. एक म्हातारा चालत होता, बराच वेळ चालत होता, मध्ये मला डुलकी लागली, उठले तरी तो चालतच होता. पण दिवे लागल्यावर आजूबाजूच्या लोकांचे चेहरे बघितले आणि खात्री पटली की कळलं त्यांनाही नाही. मला नाही कळलं तर मी घड्याळाकडे बघते, हे लोक छताकडे बघतात. एवढाच फरक.

दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरली. नवे कुर्ते एकदा घालून झाले होते. वीस-बावीस माणसं उरली, त्यातली निम्मी मंडळाची. ती सिनेमा सुरू झाल्यावर यायची आणि चर्चेच्या वेळी सगळ्यांत पुढे बसायची. रोज पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत बसणारे दोघेच, मी आणि पहिल्या रांगेतला एक माणूस. भाऊजींनी आपल्या कारखान्यातल्या कामगारांना पास वाटले होते, कामगारांसाठी कला, असा फोटोही छापून आणला होता. त्यातला हा एकटा खरोखर आला. उत्तरेकडचा, चाळिशीचा. पहिली पाळी संपवून सरळ यायचा. नखं निळी झालेली. खुर्चीत बसला की बूट काढून पाय वर घ्यायचा. मला पहिल्यांदा त्याचाही राग आला. मोज्यांचा वास मागच्या रांगेपर्यंत येत होता.

आणि मग एक जुना, काळापांढरा सिनेमा लागला, परदेशातला, बर्फाच्या गावातला. एका घरात सासू आणि सून, आणि दोघींत मिळून एकच लोकरी कोट. जी बाहेर जाईल तिने कोट घालायचा, दुसरीने घरात बसायचं. एवढीच गोष्ट. सासू बुटकी आणि जाड, सून उंच आणि काटकुळी. सिनेमा अर्ध्यावर आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की कोटाची बाही लांब झाली आहे. शिवणीच्या आत आम्ही जास्तीचं कापड ठेवतो, त्याला माया म्हणतात. कोणीतरी ती माया सोडून बाही वाढवली होती. आधीच्या दुमडीची रेघ कापडावर दिसत होती, उन्हाने न उडालेली, जराशी गडद. मग पुन्हा ती बाही आत गेली. कोणी काही बोललं नाही, पडद्यावर कोणी सुई हातात घेतलेली दिसली नाही. म्हणजे सून परत आली की सासूसाठी बाही आखूड करत होती आणि सासू परत आली की सुनेसाठी लांब. एकमेकींशी धड बोलत नव्हत्या, पण बाही रोज बदलत होती. शेवटी सासू मरते. सून तिला कोट घालते, बाही आखूड करून, आणि तसंच पुरते. मग ती खिडकीशी बसते. बाहेर बर्फ. बाहेर जाता येत नाही, कारण आता कोट नाही. संपलं.

मी उठले नाही. माझी सासू गेली तेव्हा मी तिच्या अंगावरच्या ब्लाउजचे हूक बदलले होते, कारण गंजले होते. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, अजूनही सांगायचं कारण नाही. पहिल्या रांगेतला माणूस डोळे पुसत होता. बाकीचे लोक चहाकडे गेले होते.

चर्चेत प्राध्यापक म्हणाले की बर्फ म्हणजे अवकाश. बाहीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. कोणाला दिसलीच नव्हती. मी तेव्हाही गप्प बसले, कारण मला बोलावंसं वाटलं नाही.

बोलले मी दोन दिवसांनी, मधली सोमवारची सुट्टी गेल्यावर. आजकालचा सिनेमा होता, आणि दिग्दर्शक स्वतः येणार होता. पंचविशी-तिशीतला मुलगा. मुंबईहून गाडीने निघाला, रस्ता चुकून वाणगावपर्यंत जाऊन आला, त्यामुळे सगळे अर्धा तास त्याच्यासाठी उभे. सिनेमा आपल्याच किनाऱ्यावरच्या, मुरबे गावातल्या एका कोळणीवर होता. पहिल्याच भांडणात तिचं लुगडं खांद्यावर फाटतं आणि शेवटपर्यंत ती तेच फाटकं लुगडं नेसून फिरते. सिनेमा संपल्यावर लोकांनी त्याला प्रश्न विचारले. प्रश्न कसले, आपापली भाषणं. शेवटी मी हात वर केला.

"लुगडं पहिल्यांदा उजव्या खांद्यावर फाटलं," मी म्हणाले. "बाजारात ती बसते तेव्हा डाव्या खांद्यावर फाटलेलं आहे. घरी येते तेव्हा परत उजव्या."

तो हसला. "ते फाटणं एक रूपक आहे, काकू."

"असेल. पण एका जागी असावं."

लोक हसले. मला वाटलं त्याला हसले. ते मला हसत होते.

"आणि दुसरं," मी म्हणाले, "मुरब्याची बाई फाटकं लुगडं नेसून बाजारात बसणार नाही. दोन टाके घालील. तिच्या घरात सुई नव्हती का?"

ह्यावर तर हशा पिकला. प्राध्यापकांनी डोळे उघडले, म्हणजे बघा. दिग्दर्शक म्हणाला की वास्तववाद हा आता जुना झालेला आग्रह आहे. टाळ्या पडल्या. भाऊजींनी लगेच माईक घेतला आणि आभार मानले.

बाहेर पडताना त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी गोड.

"वहिनी, तुम्ही रोज येता, आनंद आहे. पण उद्यापासून प्रश्न नका विचारू. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

"बरं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी शेवटच्या रांगेत कडेला बसायला लागले, आणि तिथून मला एक गोष्ट दिसली. दिवे गेले की भाऊजी उठायचे आणि मागच्या दारातून बाहेर जायचे. पहिल्या दिवशी वाटलं, कारखान्याचा फोन असेल. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले. टॉकीजच्या मॅनेजरच्या केबिनला काच आहे. आत भाऊजी एका खुर्चीत बसून दुसऱ्या खुर्चीवर पाय टाकून मोबाईलवर पत्ते खेळत होते. शेजारी वडापावचा कागद. सिनेमा संपायच्या दोन मिनिटं आधी ते आत आले, पहिल्या रांगेजवळ उभे राहिले आणि दिवे लागताच रुमालाने चष्मा पुसत पुसत म्हणाले, "काय बोलावं, सुन्न झालोय."

त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की मला रागसुद्धा आला नाही. राग येण्यासाठी समोरच्या माणसाचं थोडं वजन वाटावं लागतं.

तिसऱ्या आठवड्यात कहर झाला. जुना परदेशी सिनेमा होता. एका भटारखान्यात दोन भाऊ पाव भाजतात, त्यांची आई गल्ल्यावर बसते, असं काहीसं. खाली इंग्रजीत संवाद येत होते. माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं, हळूहळू वाचते, त्यामुळे मी आधी माणसांच्या तोंडाकडे बघते आणि मग अक्षरांकडे. पाचेक मिनिटांत मला खटकलं. आईने तोंड मिटलं तरी खाली दोन ओळी येतच होत्या. धाकटा भाऊ नुसता मान हलवत होता आणि खाली मोठा परिच्छेद. मी नीट वाचायला लागले. आई पाव पुढे करत होती आणि खाली लिहिलं होतं की कप्तान, पाणी खालच्या मजल्यावर चढलंय. थोरला भाऊ पीठ मळत होता आणि खाली होतं, होड्या सोडा, आधी बायका आणि पोरं.

यंत्र लावणाऱ्याने दुसऱ्याच सिनेमाचे संवाद जोडले होते. दोन तास. कोणी उठलं नाही, कोणी ओरडलं नाही. कोणी हसलं नाही, तेच मला जास्त विचित्र वाटलं. मी आजूबाजूला बघत होते. सगळे गंभीर. एक बाई वहीत काहीतरी टिपून घेत होती.

मध्यंतरात पहिल्या रांगेतला माणूस माझ्याकडे आला. आजवर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

"दीदी, एक बात पूछूं?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "नीचे जहाज लिखा है. जहाज तो कहीं है नहीं."

"दुसरे पिक्चर का है," मी म्हणाले.

त्याने छातीवर हात ठेवला. "मैं समझा मेरी अंग्रेजी खराब है."

सिनेमा संपला. प्राध्यापक उभे राहिले, डोळे मिटले. ते म्हणाले की हे घर म्हणजे बुडतं जहाज आहे. आई म्हणजे कप्तान. प्रतिमा एक सांगते आणि शब्द दुसरंच सांगतात, आणि ह्या दोहोंमधल्या फटीत, ते म्हणाले, आणि थांबले. मी मनात म्हटलं, आता येणार. आलाच. अवकाश. लोक माना डोलावत होते. भाऊजींनी समारोप केला: आपण सगळेच आपापल्या घरात बुडतो आहोत, पण होड्या सोडायचं धाडस आपल्यात नाही. आत येताना कोणीतरी त्यांच्या कानात दोन वाक्यं सांगितली असणार.

मला एका वाक्यात सगळ्यांना उघडं पाडता आलं असतं. पण मला प्रश्न विचारायची बंदी होती. मी ती पाळली, आणि एस.टी.त बसून बोईसरपासून पालघरपर्यंत एकटी हसत आले.

शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, भाऊजी अचानक माहीमला आले. एकटेच. हे बागेत होते. भाऊजींनी इकडचं तिकडचं विचारलं, चहा घेतला आणि मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही सगळे सिनेमे बघितलेत ना?"

"बघितले."

"रविवारी समारोप आहे. महिन्यातल्या सर्वोत्तम चित्रपटावर मी बोलणार आहे. प्राध्यापक म्हणाले, तो कोटाचा घ्या. माझ्या लक्षात आहे सगळं, पण तपशील जरा… तुम्ही एकदा गोष्ट सांगा. म्हणजे तुमच्या नजरेतून."

त्यांनी खिशातून पेन आणि छोटी वही काढली.

मी सांगायला बसले तेव्हा खरी गोष्ट सांगायचाच विचार होता. सासू, सून, एक कोट, बर्फ. ते लिहीत होते. मग मी बाहीपर्यंत आले आणि त्यांच्याकडे बघितलं. ते मान खाली घालून लिहीत होते, मध्येच मोबाईलचा पडदा उजळला तर तिकडे बघत होते. ती बाही ह्या वहीत जाऊ द्यावी असं मला वाटेना.

"मग शेवटी काय होतं?" त्यांनी विचारलं.

"सासू मरते," मी म्हणाले. "मग सून तो कोट उसवते. सगळा. आणि त्याचे रुमाल शिवते."

"रुमाल?"

"बेचाळीस रुमाल. आणि गावातल्या प्रत्येक घरी एक नेऊन देते."

लोकरी ओव्हरकोटाचा रुमाल होत नाही. जाड लोकर दुमडली तर बोटाएवढी कड होते, आणि नाक पुसलं तर नाकाची साल जाईल. शिवणाच्या पहिल्या आठवड्यातली मुलगीसुद्धा हसली असती.

"बेचाळीस," भाऊजींनी लिहिलं. "फार सुंदर. आठवलं आता."

रविवारी टॉकीज पुन्हा भरलं. कुर्ते इस्त्री होऊन परत आले होते. उत्तम रसिकाचं बक्षीस एका डॉक्टरांना मिळालं, जे उद्घाटनाला आणि समारोपाला अशा दोन्ही दिवशी हजर होते. मग भाऊजी बोलायला उभे राहिले. एक कबूल करते, ते छान बोलतात. आवाज चांगला आहे. बर्फ, कोट, दोन बायकांचं मुकेपण, सगळं त्यांनी रंगवलं. आणि मग म्हणाले, "आणि शेवटी ती सून काय करते, मित्रहो? तुम्ही बघितलंच आहे. ती कोट उसवते. त्याचे बेचाळीस रुमाल करते. एका बाईची ऊब साऱ्या गावाचे अश्रू पुसायला जाते!"

टाळ्या. खूप टाळ्या. ह्यातले पंधरा-वीस लोक त्या दिवशी टॉकीजमध्ये होते, माझ्यासमोर बसले होते. प्राध्यापक उठले आणि माईक मागून घेतला. "ते रुमालांचं दृश्य," ते म्हणाले, डोळे मिटून, "मी हा चित्रपट आयुष्यात तीनदा पाहिला, आणि तिन्ही वेळा त्या दृश्याला मला हुंदका आवरला नाही." आणि खरोखर त्यांचा आवाज भरून आला, आणि दोघा-तिघांनी डोळे पुसले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून हसू फुटलं. आधी एकदा दाबलेलं, मग मोकळं. तो माणूस पाय वर घेऊन हसत होता, थांबतच नव्हता. लोक शू शू करायला लागले. कोणीतरी म्हणालं, "कामगार आहे, जाऊ दे." भाऊजींनी त्याच्याकडे बघितलं, मग मान उचलून शेवटच्या रांगेकडे, माझ्याकडे बघितलं. मी हसत नव्हते. मला वाटलं होतं मी हसेन.

बाहेर तो माझी वाट बघत उभा होता.

"दीदी, रूमाल तो था ही नहीं."

"नहीं था."

"फिर सब रो क्यों रहे थे?"

मी एस.टी.साठी सुटे पैसे काढायला लागले. तो म्हणाला की पुढच्या महिन्यात तो वापीला दुसऱ्या कारखान्यात जाणार आहे, तिथे त्याचा मेव्हणा आहे. मग म्हणाला, "वो आस्तीन छोटी करती है ना, लास्ट में. वो अच्छा था." आणि रस्ता ओलांडून गेला. बाही त्यालाही दिसली होती. महिनाभर मी त्याच्या मोज्यांवर राग धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी आले. मी ओटीवर पानं निवडत बसले होते. ते पायरीवर बसले. चेहरा उतरलेला.

"रुमाल नव्हते ना, वहिनी?"

"नव्हते."

मला वाटलं आता चिडतील. मी तयारी करून बसले होते. त्यांच्या केबिनचं, पत्त्यांचं, वडापावचं, सगळं जिभेवर होतं.  पण ते बोलले ते घरच्या बोलीत, जी त्यांनी बोईसरला गेल्यापासून टाकून दिली होती.

"मला नाय बघवत, वहिनी. कटाळा येतो. आदीपासून. कालोख झाला की जीव नुसता वळवळतो."

"तीस वर्षं?"

"तीस वर्षं."

"मग कशाला करता हे?"

"फॅक्टरीत मला कोण विचारतो? मालक शिव्या घालतो, कामगार पाठी शिव्या घालतात. इथं चार माणसं उठून उभी राहतात. सर म्हणतात." त्यांनी एक पान उचललं, उलटसुलट केलं आणि परत ठेवलं. "तुमी बघितलंत. सगळेच्या सगळे. मी म्हटलं होतं तुमच्यासाठी नाय."

मला त्यांची दया आली असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही आली. प्राध्यापकांबद्दल जी किळस होती ती तशीच आहे, आणि भाऊजींबद्दल फार कमी झाली असंही नाही. पण तीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं, आणि ते मी बोलायला लावलं नव्हतं. जिभेवर आणलेलं सगळं मी गिळलं. "चहा टाकू?" म्हणाले. ते हो म्हणाले.

त्यांनी मंडळ सोडलं नाही. सोडतील असं मला वाटलंही नव्हतं. पुढच्या महिन्यात एका स्थानिक साप्ताहिकात त्यांचं भाषण छापून आलं, पूर्ण, फोटोसकट, आणि मथळ्यातच रुमाल होते. ती चूक त्यांनी दुरुस्त केली नाही, आणि मीही करायला सांगितलं नाही.

माझं नुकसान मला नंतर कळलं. त्या महिन्यात मला एक सिनेमा मिळाला होता, एकच. तो मी भाऊजींची फजिती करायला वापरून टाकला. आता तो आठवायला गेले की खिडकीशी बसलेली सून दिसते, आणि तिच्या मांडीवर, नको नको म्हटलं तरी, कापलेल्या लोकरीचे चौकोन दिसतात. मी ज्यांना हसले त्यांच्यात आणि माझ्यात फरक होता तो पाहण्याचा. तोच मी स्वतःच्या हाताने उसवला.

एकदा संध्याकाळी बागेत मी ह्यांना तो सिनेमा सांगितला. पहिल्यापासून, नीट, बाहीसकट. ते ऐकत होते. शेवटी सासूला कोट घालून पुरतात, इथवर आले.

"आणि रुमाल?" ह्यांनी विचारलं.

"रुमाल नाहीत."

"हायेत. पेपरात आलंय."

"मी बघितलाय, तुम्ही नाही. रुमाल नाहीत."

"मग पेपरवाला खोटं लिहील?" ते म्हणाले, आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला उठले. मी पाण्याची मोटार बंद करायला गेले.